मॅक्रो रेकॉर्ड करण्याआधी आपलं काम नीट पाहा

वर्ड प्रोसेसरवर दिवसभर काम करणाऱ्यांचा बराचसा वेळ लिहिण्यात जातच नाही. कुठून तरी आलेला मजकूर चिकटवायचा, त्यातल्या दुहेरी स्पेस काढायच्या, रिकामे परिच्छेद पुसायचे, तक्त्याची पहिली ओळ ठळक करायची, पत्राच्या डोक्यावर तारीख आणि विषय घालायचा. यातलं एकही काम अवघड नाही. पण ते तेच ते असतं. हात चालत राहतात, लक्ष भलतीकडे असतं आणि चुका नेमक्या तिथे होतात. मॅक्रो अशाच कामांसाठी आहे, आणि साधा मॅक्रो बनवायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. ‘मॅक्रो’ म्हटलं की संगणकवाल्यांचं काम असं समजून अनेक जण त्या वाटेला जात नाहीत आणि वर्षानुवर्षं हाताने स्पेस पुसत बसतात, म्हणून हे आधीच सांगून टाकणं गरजेचं वाटलं.

मॅक्रो म्हणजे साठवून ठेवलेल्या सूचनांची यादी. ती एकदा तयार झाली की एका कळीवर वर्ड त्या सगळ्या सूचना त्याच क्रमाने पार पाडतं. यादी तयार करायच्या दोन वाटा आहेत. एक, स्वतः कोड लिहायचा. दोन, रेकॉर्डर चालू करून काम एकदा करून दाखवायचं. कोड वर्ड स्वतः लिहितं. सुरुवात दुसऱ्या वाटेनेच करावी.

पण रेकॉर्डरबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. तो तुमच्या कृती टिपतो, त्यांच्यामागचा हेतू त्याला कळत नाही. समजा, शीर्षकानंतरच्या पहिल्या परिच्छेदावर जायचं आहे आणि शीर्षक तीन ओळींचं आहे. तुम्ही डाउन ॲरो तीनदा दाबता. तुमच्या मनात असतं ‘पुढच्या परिच्छेदावर जा’. रेकॉर्डर लिहून ठेवतो ‘तीन ओळी खाली जा’. उद्या दोन ओळींचं शीर्षक आलं की मॅक्रो परिच्छेदाच्या पोटात जाऊन पोचतो आणि पुढची सगळी कामं चुकीच्या जागी करतो. मॅक्रोच्या जवळपास सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे. म्हणून रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी आपण काम नेमकं कसं करतो हे पाहणं, हाच मॅक्रो बनवण्यातला खरा मोठा भाग.

मॅक्रो कशाला नको

आधी काही कामं यादीतून काढून टाकू. शीर्षकाला ठरावीक फॉन्ट, आकार आणि रंग देणं हे मॅक्रोचं काम नाही, स्टाइलचं आहे. स्टाइल लावलेली शीर्षकं नंतर एका ठिकाणी बदल करून सगळीकडे बदलता येतात. मॅक्रोने एकेका शीर्षकावर चढवलेला रंग तसा बदलता येत नाही. एखादं लांबलचक नाव किंवा पत्राखालचा ठरलेला मजकूर पुन्हा पुन्हा टाइप करायचा असेल, तर ऑटोकरेक्ट किंवा ऑटोटेक्स्ट पुरतं. ऑटोटेक्स्टमध्ये मजकूर साठवला, त्याच्या नावाची पहिली काही अक्षरं टाइप केली आणि एफ३ दाबलं की तो पूर्ण उमटतो. दर वेळी त्याच सांगाड्याचं पत्र किंवा अहवाल लागत असेल, तर टेम्प्लेट करावं.

एकामागून एक चार-पाच पायऱ्या असतील आणि त्या वेगवेगळ्या फायलींवर त्याच क्रमाने कराव्या लागत असतील, तेव्हा मॅक्रो. सरसकट सगळ्याच गोष्टींचे मॅक्रो करून ठेवले तर कुठला मॅक्रो कशासाठी होता हेच काही महिन्यांनी आठवत नाही.

पहिला मॅक्रो: तारीख

लहानसा मॅक्रो आधी करून पाहू. वर्डमध्ये व्ह्यू टॅबवर उजव्या टोकाला मॅक्रोज असतं. त्याखालच्या बाणावर क्लिक करून रेकॉर्ड मॅक्रो निवडायचं. एक छोटी खिडकी उघडते आणि नाव विचारते. नाव इंग्रजी अक्षराने सुरू व्हायला हवं, मध्ये स्पेस चालत नाही, पुढे अंक आणि अंडरस्कोर चालतात. नाव देताना एक सावधगिरी: वर्डच्या स्वतःच्या आज्ञांनाही नावं असतात. तुमच्या मॅक्रोचं नाव ‘फाइलसेव्ह’ ठेवलंत, तर सेव्ह करताना वर्ड आपली आज्ञा सोडून तुमचा मॅक्रो चालवू लागतं. म्हणून नावात स्वतःची एखादी खूण घालावी, म्हणजे अशी टक्कर होत नाही आणि यादीत आपले मॅक्रो एकत्र दिसतात.

त्याच खिडकीत मॅक्रो कुठे साठवायचा हे विचारलेलं असतं. ‘ऑल डॉक्युमेंट्स’ निवडलं तर तो नॉर्मल नावाच्या टेम्प्लेटमध्ये जातो आणि त्या संगणकावरच्या प्रत्येक फायलीत वापरता येतो. फक्त समोरच्या फायलीपुरताही ठेवता येतो. खाली वर्णनासाठी जागा असते. हा मॅक्रो काय करतो आणि तो चालवण्याआधी कर्सर कुठे असायला हवा, एवढं एका वाक्यात तिथे लिहावंच.

मग बटण की कीबोर्ड हे निवडायचं. कीबोर्ड निवडला की हवी ती जोडी दाबून दाखवायची. ती जोडी आधीच कशाला दिलेली असेल तर त्या चौकटीखाली तसं दिसतं, ते वाचावं. कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र वापरताना जरा थांबा: विंडोजवर ही जोडी उजव्या ऑल्टसारखी मानली जाते आणि काही कीबोर्ड मांडण्यांमध्ये तिनेच खास अक्षरं उमटतात. आपल्या मराठी कीबोर्डवर ती जोडी मोकळी आहे का, हे आधी दाबून पाहायचं.

आता कर्सरसोबत कॅसेटचं चित्र दिसू लागतं. रेकॉर्डिंग सुरू झालं. इन्सर्ट टॅबवरून डेट अँड टाइम उघडा, हवा तो नमुना निवडा, ओके म्हणा आणि व्ह्यू, मॅक्रोज इथे जाऊन स्टॉप रेकॉर्डिंग दाबा.

इतक्या छोट्या मॅक्रोतही हेतूचा प्रश्न दोनदा येतो. तारीख तुम्ही हाताने टाइप केली असती, तर रेकॉर्डिंगच्या दिवशीचीच तारीख मॅक्रोने कायम उमटवली असती, कारण त्याच्या दृष्टीने ती फक्त काही अक्षरं. मेनूतून घातली म्हणून ‘आजची तारीख घाल’ अशी सूचना नोंदली गेली. दुसरं, त्या खिडकीत ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ अशी चौकट आहे. तिथे खूण केली तर फील्ड घातलं जातं आणि फाइल पुढे उघडली किंवा छापली की तारीख बदलू शकते. पत्रावर हे नको असतं. पत्रावर ते लिहिल्याचा दिवस राहायला हवा. तिथे चौकट रिकामी ठेवायची.

मजकूर साफ करणारा मॅक्रो

मॅक्रोचा सगळ्यात जास्त उपयोग मला इथे वाटतो. ईमेलमधून, वेबपानावरून किंवा पीडीएफमधून उचललेला मजकूर वर्डमध्ये आला की त्यासोबत कचरा येतो: शब्दांमध्ये दोन-तीन स्पेस, परिच्छेदाच्या शेवटी लोंबणारी स्पेस, स्वल्पविरामाआधी स्पेस आणि दर परिच्छेदानंतर रिकामा परिच्छेद. हे सगळं फाइंड अँड रिप्लेसने जातं, आणि रिप्लेस ऑल रेकॉर्डरला छान टिपता येतं.

रेकॉर्डर चालू करण्याआधी हे काम एका प्रतीवर हाताने करून पाहा आणि पायऱ्या कागदावर लिहा. इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी रिकामे परिच्छेद काढायला गेलात तर काही परिच्छेद तसेच राहतील, कारण दिसायला रिकाम्या असलेल्या ओळीत एखादी स्पेस बसलेली असते आणि वर्डच्या लेखी ती ओळ रिकामी नसते. होम टॅबवरचं परिच्छेदाच्या खुणा दाखवणारं बटण दाबलं की या लपलेल्या स्पेस ठिपक्यांच्या रूपात दिसतात. म्हणून क्रम असा: पहिल्यांदा दुहेरी स्पेसच्या एकेरी. मग परिच्छेदखुणेच्या आधीची आणि नंतरची स्पेस काढायची. मग विरामचिन्हाआधीची स्पेस. सगळ्यात शेवटी रिकामे परिच्छेद.

परिच्छेदखूण शोधण्यासाठी फाइंडच्या चौकटीत कॅरेटचं चिन्ह (^) आणि त्यालगत इंग्रजी लहान पी टाइप करायचा. रिकामा परिच्छेद म्हणजे अशा दोन खुणा लागोपाठ. त्यांच्या जागी एक घालायची. पण एका फेरीत हे पुरं होत नाही. रिप्लेस ऑल एकदा बदललेल्या जागेकडे पुन्हा वळून पाहत नाही. लागोपाठ चार खुणा असतील तर पहिल्या फेरीनंतर दोन उरतात, दुसऱ्या फेरीनंतर एक. म्हणून रेकॉर्ड करताना ही पायरी तीन-चार वेळा करायची, आणि दुहेरी स्पेसची पायरीही तशीच. जादा फेरीने काही बिघडत नाही, बदलायला काही सापडलं नाही तर वर्ड पुढे जातं.

हेच एका फेरीत करायचं असेल तर ‘यूज वाइल्डकार्ड्स’ ही चौकट निवडावी. या पद्धतीत शोधताना कॅरेट आणि पी चालत नाही, त्याऐवजी कॅरेट आणि १३ हा आकडा लिहितात. त्यापुढे महिरपी कंसात २ आणि स्वल्पविराम टाकला की अर्थ होतो ‘दोन किंवा त्याहून जास्त’. बदलून काय घालायचं त्या चौकटीत मात्र कॅरेट आणि पीच. पद्धत थोडी रुक्ष आहे, पण ती हाताला बसली की साफसफाईची निम्मी कामं एका ओळीची होतात.

आता रेकॉर्डिंग. सुरुवातीलाच कंट्रोल आणि होम दाबून फायलीच्या आरंभी जायचं. कर्सर कुठेही असला, मजकूर सिलेक्ट केलेला असला, तरी मॅक्रो एकाच ठिकाणाहून सुरू व्हावा यासाठी ही सवय. मग कंट्रोल आणि एच दाबून रिप्लेस उघडायचं, कागदावरच्या पायऱ्या एकेक करायच्या, खिडकी बंद करायची आणि रेकॉर्डिंग थांबवायचं. घाई करायचं काही कारण नाही. रेकॉर्डर वेळ मोजत नाही, तुम्ही दहा मिनिटं विचार करत बसलात तरी मॅक्रो तितकाच चपळ चालतो. मध्येच दुसरं काही करायचं असेल तर पॉज रेकॉर्डिंगही आहे.

या मॅक्रोच्या दोन मर्यादा माहीत हव्यात. रिकाम्या ओळी काढल्यावर दोन परिच्छेदांमधलं अंतर स्टाइलमधून आलं पाहिजे, नाहीतर सगळा मजकूर एकसंध भिंतीसारखा दिसेल. आणि हाताने रिप्लेस ऑल केलं की वर्ड तळटीपा, शीर्षपट्टी अशा भागांतही शोधतं, पण तेच रेकॉर्ड करून चालवलं की ते कर्सर ज्या भागात आहे तेवढ्यातच काम करतं. कर्सर मुख्य मजकुरात असेल तर तळटीपांमधल्या दुहेरी स्पेस तशाच राहतील. तळटीपांमध्ये कर्सर ठेवून मॅक्रो पुन्हा चालवायचा म्हटलं, तर सुरुवातीची कंट्रोल-होमची पायरी त्या भागापुरती काय करते हे आधी प्रतीवर तपासून घ्या.

कर्सर हलवायचा कसा

रेकॉर्डिंग चालू असताना माउसने बटणं आणि मेनू दाबता येतात, मजकूर मात्र सिलेक्ट करता येत नाही. नव्या माणसाला ही अडचण वाटते. मला ती उपकारक वाटते, कारण त्यामुळे कर्सर मजकुराच्या भाषेत हलवावा लागतो. होमने ओळीचा आरंभ, एंडने शेवट. कंट्रोल धरून उजवा बाण दाबला की एक शब्द पुढे, कंट्रोल धरून खालचा बाण दाबला की एक परिच्छेद पुढे. यातल्या कशासोबतही शिफ्ट धरलं की तेवढा भाग सिलेक्ट होतो. ‘तीन ओळी खाली’ ही पानाच्या रुंदीवर अवलंबून असलेली गोष्ट आहे, ‘एक परिच्छेद खाली’ ही मजकुराच्या रचनेवर. फॉन्ट बदलला, समास बदलला की ओळी बदलतात. परिच्छेद तसाच राहतो.

त्याहून भक्कम मार्ग म्हणजे शोधून पोचणं. ‘विषय’ हा शब्द शोध, तिथून ओळीच्या शेवटी जा, असं रेकॉर्ड केलं तर वर कितीही ओळी वाढल्या तरी मॅक्रो योग्य जागी पोचतो.

लिहिलेला कोड उघडून पाहा

ऑल्ट आणि एफ८ दाबलं की मॅक्रोंची यादी येते. हवा तो निवडून एडिट म्हटलं की व्हीबीए एडिटर उघडतो. व्हीबीए म्हणजे वर्डचे मॅक्रो ज्या भाषेत लिहिलेले असतात ती. थेट ऑल्ट आणि एफ११ नेही उघडतो. समोरचं इंग्रजी पाहून दचकू नका. ‘सब’ने सुरू होऊन ‘एंड सब’ने संपणारा तुकडा म्हणजे एक मॅक्रो. मधली प्रत्येक ओळ म्हणजे एक सूचना. ज्या ओळीच्या आरंभी अवतरणाची एकेरी खूण आहे आणि जी हिरवी दिसते ती टीप. वर्ड ती वाचत नाही, ती आपल्यासाठी असते.

कोड लिहिता येत नसला तरी वाचायला शिकावं, कारण रेकॉर्डरने काय समजून घेतलं ते इथेच कळतं. एक उदाहरण फार महत्त्वाचं आहे. मजकूर ठळक करण्यासाठी तुम्ही कंट्रोल आणि बी दाबलंत. कोडमध्ये सिलेक्शन, फॉन्ट, बोल्ड असे शब्द दिसतात आणि बरोबरच्या चिन्हापुढे ‘डब्ल्यूडीटॉगल’. टॉगल म्हणजे आहे त्याच्या उलट कर. साध्या मजकुरावर हा मॅक्रो ठळक करतो, पण आधीच ठळक असलेल्या शब्दांचा ठळकपणा काढून टाकतो. तुमचा हेतू ‘ठळक असू दे’ असा होता. त्या शब्दाच्या जागी ‘ट्रू’ लिहिलं की झालं. कोडला हात लावायला घाबरणाऱ्या कुणालाही पहिली दुरुस्ती म्हणून ही सुचवावी, कारण एक शब्द बदलतो आणि मॅक्रोचा स्वभावच बदलतो.

याचीच दुसरी बाजू फॉन्टच्या खिडकीत दिसते. खिडकी उघडून तुम्ही फक्त आकार बदलता, पण ओके म्हटल्यावर रेकॉर्डर खिडकीतल्या सगळ्या गोष्टी नोंदवतो: फॉन्टचं नाव, ठळक आहे की नाही, तिरका आहे की नाही, रंग, अधोरेखा, सगळंच. मग हा मॅक्रो तिरक्या शब्दांवर चालवला की आकार तर बदलतोच, तिरकेपणाही जातो. परिच्छेदाच्या खिडकीचंही तेच. उपाय दोन: एकच गोष्ट बदलायची असेल तर खिडकी न उघडता वरच्या पट्टीवरून बदला, किंवा नंतर कोडमध्ये जाऊन नको त्या ओळी पुसून टाका. देवनागरी मजकुरासाठी वर्ड ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणून वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार सांभाळतं, तेव्हा आकाराचा मॅक्रो मराठी परिच्छेदावर आणि इंग्रजी परिच्छेदावर असा दोन्हीकडे तपासून घ्यावा.

एडिटरमध्ये मॅक्रोच्या आत कर्सर ठेवून एफ८ दाबत गेलं की तो एकेक ओळ चालवतो आणि पुढची ओळ पिवळी करून थांबतो. शेजारी फाइल उघडी ठेवून हे केलं की कुठल्या ओळीने काय झालं ते डोळ्यांना दिसतं. मॅक्रो कुठे चुकतोय हे शोधायला याहून चांगली रीत नाही.

मराठी मजकूर आणि प्रश्नचिन्हं

मराठीत काम करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते आणि तिचं उत्तर सहज सापडत नाही. व्हीबीए एडिटर युनिकोडच्या काळाआधीच्या पद्धतीचा आहे. त्यात थेट देवनागरी टाइप केली किंवा चिकटवली तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं उमटतात, आणि ती नुसती दिसण्यापुरती नसतात, मूळ अक्षरं खरोखर हरवलेली असतात. रेकॉर्डर मात्र वाट काढतो. रेकॉर्डिंग करताना मराठी टाइप केलंत तर तो प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक ‘सीएचआरडब्ल्यू’ या शब्दासोबत कंसात लिहून ठेवतो. ‘क’चा क्रमांक २३२५. एक वाक्य टाइप केलं की कोडमध्ये आकड्यांची लांब माळ दिसते. ती बरोबर असते, तिला हात लावू नका.

मोठा मराठी मजकूर घालायचा असेल तर तो ऑटोटेक्स्टमध्ये ठेवावा आणि मॅक्रोने तो फक्त बोलावून घ्यावा. मजकुरात पुढे बदल झाला तरी कोड उघडावा लागत नाही.

इंग्रजी अंकांचे देवनागरी अंक करणं हे या क्रमांकांच्या उपयोगाचं सुंदर उदाहरण आहे. रेकॉर्डरने केलं तर दहा अंकांसाठी दहा रिप्लेस ऑल, आणि प्रत्येकासाठी पंधराएक ओळींचा कोड. मॅक्रो लांबतो, पण चालतो. आता देवनागरी शून्याचा क्रमांक पाहा: २४०६. एकचा २४०७, नऊचा २४१५. ओळीने येतात. म्हणजे रेकॉर्ड केलेल्या दहा तुकड्यांपैकी एकच ठेवायचा, त्याभोवती ‘फॉर’ आणि ‘नेक्स्ट’ ही जोडी घालून आय हा मोजणारा आकडा शून्यापासून नऊपर्यंत न्यायचा, शोधायच्या जागी आय आणि बदलायच्या जागी २४०६ अधिक आय या क्रमांकाचं अक्षर. कोड लिहिण्याचा पहिला पाठ म्हणून मला हे फार आवडतं. रेकॉर्डरला पुन्हा पुन्हा करणं टिपता येतं, पण ‘हे दहा वेळा कर’ असं म्हणता येत नाही. ते म्हणण्यासाठी आपल्याला एक-दोन ओळी लिहाव्या लागतात.

हा मॅक्रो पूर्ण फायलीवर डोळे मिटून चालवू नका. ईमेलचे पत्ते आणि वेबपत्ते यांतलेही अंक बदलतील. आणि आपोआप पडणारे पान क्रमांक किंवा यादीतले क्रमांक बदलणार नाहीत, कारण ते टाइप केलेला मजकूर नसतात. त्यांचा नमुना क्रमांकांच्या सेटिंगमध्येच बदलावा लागतो.

चालवताना

नवा मॅक्रो आधी प्रतीवर चालवायचा. मॅक्रोने केलेलं काम कंट्रोल आणि झेडने उलटवता येतं, पण पायरीपायरीने. मॅक्रोच्या पोटात वीस कृती असतील तर तेवढ्या वेळा मागे यावं लागू शकतं. वर्ड २०१० पासून यावर उपाय आहे. कोडच्या आरंभी ‘अंडूरेकॉर्ड’चं ‘स्टार्टकस्टमरेकॉर्ड’ आणि शेवटी ‘एंडकस्टमरेकॉर्ड’ लिहिलं की सगळ्या कृतींची एक गाठोडी बांधली जाते आणि एका झेडमध्ये सगळं मागे येतं. साफसफाईच्या मॅक्रोला हे जोडावंच. मॅक्रो थांबतच नसेल तर कंट्रोल आणि ब्रेक ही कळ.

वर्ड सोडून

लिबरऑफिस रायटरमध्ये रेकॉर्डर आहे, पण आधी चालू करावा लागतो: टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस, ॲडव्हान्स्ड आणि तिथली मॅक्रो रेकॉर्डिंगची चौकट. त्यानंतर टूल्समध्ये मॅक्रोजखाली रेकॉर्ड मॅक्रो दिसू लागतं. नाव आणि जागा इथे रेकॉर्डिंग संपल्यावर विचारतात. कळ नंतर कस्टमाइझमधून द्यायची. रायटरचा कोड एडिटर देवनागरी नीट सांभाळतो, ही मोठी सोय. वर्डचे मॅक्रो मात्र इथे जसेच्या तसे चालतील अशी आशा ठेवू नये. गूगल डॉक्समध्ये रेकॉर्डर नाही (शीट्समध्ये आहे). तिथे एक्स्टेन्शन्समधून ॲप्स स्क्रिप्ट उघडून कोड लिहावा लागतो. आणि वर्डची ब्राउझरमधली आवृत्ती मॅक्रो असलेली फाइल उघडते, पण मॅक्रो चालवत नाही.

दुसऱ्याचा मॅक्रो

मॅक्रो फायलीसोबत प्रवास करू शकतो आणि काही मॅक्रो फाइल उघडताच आपोआप चालू शकतात. यातूनच मॅक्रो व्हायरस आले. १९९५ मध्ये कॉन्सेप्ट नावाचा व्हायरस वर्डच्या फायलींमधून पसरला. मार्च १९९९ मध्ये मेलिसा आला: वर्डची फाइल उघडली की तो आउटलुकच्या पत्त्यांमधल्या पहिल्या ५० जणांना स्वतःच ईमेल करायचा. आज वर्ड मॅक्रोबाबत इतकं सावध का आहे, ते यातून समजतं. वर्ड २००७ पासून साध्या डॉक्स (.docx) फायलीत मॅक्रो राहूच शकत नाही, त्यासाठी डॉकएम (.docm) हा वेगळा प्रकार आहे. तुम्ही मॅक्रो फायलीतच साठवला आणि फाइल डॉक्स म्हणून सेव्ह केली, तर वर्ड इशारा देतं. तो न वाचता पुढे गेलात तर मॅक्रो गेला. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

अनोळखी फाइल ‘मॅक्रो चालू करा, मगच मजकूर दिसेल’ असं सांगत असेल तर ती लगेच बंद करा. मजकूर दिसायला मॅक्रो कधीच लागत नाही. आणि स्वतःच्या सोयीसाठी सेटिंगमध्ये ‘सगळे मॅक्रो चालू द्या’ हा पर्याय निवडू नका. तुम्ही स्वतः रेकॉर्ड करून नॉर्मल टेम्प्लेटमध्ये ठेवलेले मॅक्रो त्याशिवायही चालतात.

सहकाऱ्याला मॅक्रो द्यायचा असेल तर व्हीबीए एडिटरमध्ये डावीकडे त्या मॉड्यूलवर (मॅक्रोचा कोड ज्यात असतो त्या कप्प्यावर) उजवं क्लिक करून एक्सपोर्ट फाइल म्हणा. बीएएस प्रकारची छोटी फाइल तयार होते. ती साध्या मजकुराची असल्याने नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते आणि मिळणाऱ्याला ती इम्पोर्ट करता येते. कीबोर्डची जोडी तिच्यासोबत जात नाही, ती त्याला पुन्हा द्यावी लागते. संगणक बदलताना किंवा वर्ड नव्याने टाकताना नॉर्मल टेम्प्लेट हरवण्याची शक्यता असते, तेव्हा हीच बीएएस फाइल स्वतःसाठीही जपून ठेवा, आणि मॅक्रोत बदल केला की पुन्हा एक्सपोर्ट करा.